संगणकाचा पडदा शाळेच्या कामास कसा लावावा
लिनक्स प्रणालीवरील एक्सएफसीई डेस्कटॉप : शिक्षकांसाठी अभ्यासपाठ

प्रास्ताविक

पुष्कळ प्राथमिक शाळांत एखादा जुना संगणक कापडाखाली झाकून ठेवलेला आढळतो. तो मोडलेला असतोच असे नाही. तो सुरू व्हावयास फार वेळ लागतो, पडद्यावरील अक्षरे बारीक दिसतात, मराठी टंकलेखन साधत नाही, आणि काही बिघडल्यास जबाबदारी कोणाची ही धास्ती मनात असते. परिणाम असा होतो की, मुले संगणक पाहून चौथी ओलांडतात, परंतु कळफलकास त्यांचा हात लागत नाही. सुस्थितीतील घरच्या मुलास ही उणीव घरी भरून काढता येते. शेतमजुराच्या मुलास शाळेवाचून दुसरी जागा नाही. म्हणून झाकलेला संगणक पुन्हा कामास लावणे हे शिक्षकाच्या कर्तव्याचाच एक भाग समजावे.

ह्या प्रश्नास अलीकडे आणखी एक कारण जोडले गेले आहे. विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणारा नित्याचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढील विंडोज ११ साठी किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आवश्यक असते. अनेक जुन्या यंत्रांत ती नाही. यंत्र धड असूनही ते टाकाऊ ठरण्याची वेळ येते. अशा ठिकाणी लिनक्स हा एक मार्ग आहे.

लिनक्स व डेस्कटॉप

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू ह्या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्स हा प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. ह्या दोहोंच्या संयोगातून आजच्या लिनक्स प्रणाली उभ्या राहिल्या. त्या वापरण्यास, तपासण्यास, बदलण्यास व दुसऱ्यास देण्यास मोकळीक असते.

लिनक्स ही शाळेची इमारत मानली, तर डेस्कटॉप म्हणजे तिच्यातील वर्गाची मांडणी होय. फळा कोठे लावावा, बसकरपट्ट्या कशा घालाव्यात, कोणते कपाट उघडे व कोणते कुलूपबंद ठेवावे, हे शिक्षक ठरवितो. त्याचप्रमाणे पडद्यावरील पट्टी, चिन्हे, अक्षरे व कळफलक यांची मांडणी वापरणाऱ्यास ठरविता येते. १९९६ साली ओलिव्हिए फूर्दां यांनी आरंभिलेला एक्सएफसीई हा डेस्कटॉप हलका असल्यामुळे जुन्या यंत्रास विशेष सोयीचा आहे. लिनक्स मिंट, झुबंटू व डेबियन यांच्याबरोबर तो मिळतो. लिनक्स मिंटसाठी किमान २ जीबी स्मृती व २० जीबी साठवण पुरते. स्मृती ४ जीबी असल्यास काम सुखाने होते.

शाळांत लिनक्स वापरण्याची कल्पना नवी नाही. केरळ राज्याने २००१ साली सुरू केलेल्या आयटी ॲट स्कूल ह्या उपक्रमातून लिनक्सवर आधारलेली प्रणाली शाळांना पुरविली. पुढे २०१७ साली ह्या उपक्रमाचे रूपांतर काइट ह्या संस्थेत झाले.

पूर्वतयारी

(१) मुख्याध्यापकांची व केंद्रप्रमुखांची अनुमती प्रथम घ्यावी. यंत्र शाळेच्या जडवस्तुसंग्रहातील आहे, हे विसरू नये.
(२) यंत्रातील सर्व कागदपत्रांची प्रत बाहेरील साठवणीवर घ्यावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडते की नाही हे पाहावे. न तपासलेली प्रत नसल्यासारखीच होय.
(३) लिनक्स पेनड्राइव्हवरून, मूळ यंत्रात काही न बदलता चालवून पाहता येते. त्या अवस्थेत छपाईयंत्र, ध्वनी व इंटरनेट यांची परीक्षा घ्यावी. केवळ विंडोजवरच चालणारा एखादा कार्यक्रम शाळेस अत्यावश्यक असेल, तर विंडोज काढून टाकू नये.
(४) श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेले मजकूर तो टंक नसलेल्या यंत्रावर अर्थहीन चिन्हांसारखे दिसतात. ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत. युनिकोडमधील मराठी कोणत्याही प्रणालीवर वाचता येते.

मांडणीचे टप्पे

पुढील सर्व बदल मेन्यूतील सेटिंग्ज मॅनेजर ह्या एका ठिकाणाहून आरंभिता येतात. एका वेळी एकच बदल करावा, दोन दिवस वापरून पाहावा, मगच पुढील बदल हाती घ्यावा. अनेक बदल एकदम केल्यास कशामुळे काय झाले हे कळत नाही.

(अ) अक्षरांची वाचनीयता. ॲपिअरन्समधील फॉन्ट्स ह्या भागात अक्षरांचा आकार १० असल्यास १३ किंवा १४ करावा. तेथेच असलेला डीपीआय हा आकडा ९६ वरून १२० केल्यास पडद्यावरील बहुतेक सर्वच मजकूर मोठा होतो. मागील रांगेतील मुलाच्या जागी स्वतः बसून अक्षर वाचता येते का, ही खरी कसोटी. पार्श्वभूमीस चित्राऐवजी एकच सौम्य रंग ठेवावा. भडक चित्रावर चिन्हांची नावे वाचता येत नाहीत.

(आ) मराठी कळफलक. कीबोर्ड ह्या विभागातील लेआउट ह्या भागात भारतीय मांडण्यांतून मराठी इन्स्क्रिप्ट ही मांडणी इंग्रजीच्या जोडीस घ्यावी, आणि इंग्रजी-मराठी बदलण्यासाठी एक कळजोडी ठरवून द्यावी. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे येतात. वर्णमालेची ही शिस्त मुलांच्या ध्यानी लवकर येते. क हे अक्षर ज्या कळीवर, त्याच कळीवर शिफ्टसह ख. ल च्या कळीवर शिफ्टसह ळ. र च्या कळीवर शिफ्टसह ऱ. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ ह्या शब्दांतील भेद येथेच स्पष्ट होतो. पहिल्यात र, हलन्त, य ह्या क्रमाने कळी दाबाव्यात. दुसऱ्यात र ऐवजी ऱ घ्यावा. जो भेद फळ्यावर समजावून सांगावा लागतो, तो मुलाच्या बोटांस आपोआप कळतो.

(इ) पट्टी. पडद्याच्या कडेस असलेल्या पट्टीवर पाच-सहाच चिन्हे ठेवावीत : लेखनासाठी लिब्रेऑफिस रायटर, तक्त्यांसाठी कॅल्क, फायलींसाठी थुनार, इंटरनेटसाठी ब्राउझर, मुलांसाठी जीकॉम्प्री, आणि कळफलकाची भाषा दर्शविणारे चिन्ह. जीकॉम्प्रीमध्ये २ ते १० वर्षे वयाच्या मुलांसाठी शंभरावर कृती आहेत. चिन्हे लावून झाल्यावर पट्टीच्या प्राधान्यक्रमात जाऊन ती लॉक करावी, म्हणजे मुलाच्या हातून ओढली जाऊन ती नाहीशी होणार नाही.

(ई) दोन खाती. शिक्षक व विद्यार्थी अशी स्वतंत्र खाती असावीत. विद्यार्थी खात्यास प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत; तसे केल्याने त्या खात्यातून मूळ प्रणालीस धक्का लागत नाही. नंतर विद्यार्थी खात्यात जाऊन शिक्षकाचा फोल्डर उघडण्याचा प्रयत्न करावा. तो उघडला नाही म्हणजे व्यवस्था योग्य झाली. मुलांचे आधार क्रमांक, गुण व पालकांची माहिती दुसऱ्याच्या दृष्टीस पडू न देणे ही मोठी जबाबदारी आहे.

नित्याच्या कामातील उपयोग

मांडणीचे सार्थक रोजच्या वापरात आहे. एक्सएफसीईमध्ये एकाच पडद्याचे अनेक कार्यपट करता येतात. कंट्रोल व एफ१ दाबल्यास पहिला, कंट्रोल व एफ२ दाबल्यास दुसरा कार्यपट समोर येतो. पहिल्यावर हजेरी, पोषण आहाराचा हिशेब व निकालपत्रके ठेवावीत. दुसऱ्यावर केवळ पाठाचे साहित्य असावे. प्रक्षेपक जोडण्यापूर्वी दुसऱ्या कार्यपटावर गेल्यास एका मुलाचे गुण साऱ्या वर्गासमोर उघडे पडत नाहीत.

पाठ चालू असता पडद्याचा एखादा भाग मोठा करून दाखविण्यासाठी ऑल्ट कळ दाबून माउसचे चाक फिरवावे. विंडो मॅनेजर ट्वीक्समधील कम्पोझिटर चालू असेल तर तो भाग भिंगातून पाहिल्यासारखा वाढतो. नकाशातील नदी किंवा जोडाक्षराची घडण दाखविताना ही युक्ती फार कामी येते. पडदा मध्येच काळा होऊ नये यासाठी पॉवर मॅनेजरमधील प्रेझेंटेशन मोड पाठापुरता चालू ठेवावा व तासानंतर बंद करावा.

ग्रामीण भागात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. लिब्रेऑफिस सामान्यतः दर १० मिनिटांनी चालू लेखनाची पुनर्प्राप्तीची प्रत ठेवते. हा कालावधी पर्यायांत जाऊन २ मिनिटांवर आणावा. तथापि कंट्रोल व एस ही कळजोडी वारंवार दाबण्याची सवय याहून अधिक भरवशाची आहे, आणि ती मुलांनाही प्रथमपासून लावावी.

द्विशिक्षकी शाळेत एका यंत्राभोवती तीस मुले बसविल्यास दोघेच काम करतात व बाकीचे पाहत राहतात. त्यापेक्षा दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने टंकावे, दुसऱ्याने शुद्धलेखन पाहावे. दहा मिनिटांनी कामे बदलावीत. बाकीच्या वर्गाचे वाचन किंवा गणिताचे काम चालू राहावे. प्रत्येक मुलाने आपले पूर्ण नाव व गावाचे नाव मराठीत टंकून ते छापील स्वरूपात घरी न्यावे, एवढे पहिले उद्दिष्ट पुरे आहे.

मांडणीची नोंदवही

शिक्षकाची बदली होते आणि त्याच्याबरोबर यंत्राची माहितीही निघून जाते, असे होऊ देऊ नये. संगणकाजवळ एक साधी वही ठेवावी. तारीख, केलेला बदल, पूर्वीची स्थिती व बदलाचे कारण असे चार रकाने तिच्यात आखावेत. पडद्यावर जेथे मराठी अनुवाद नाही, तेथे इंग्रजी नाव जसे दिसते तसे उतरून घ्यावे, म्हणजे पुढील माणसास ते शोधणे सोपे जाते.

एक्सएफसीई आपली मांडणी शिक्षकाच्या मुख्य फोल्डरातील एका दडलेल्या फोल्डरात जपून ठेवतो. थुनारमध्ये कंट्रोल व एच दाबल्यास बिंदूने आरंभ होणारे असे फोल्डर दिसू लागतात. त्यांपैकी कॉन्फिग ह्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. विद्यार्थी खात्याची मांडणी पारच बिघडली, तर मुलांचे काम बाजूस काढून ते खाते रद्द करावे, नवे खाते उघडावे व वहीवरून मांडणी पुन्हा लावावी. वही नीट असेल तर हे काम एका तासिकेत उरकते. हे एकदा अनुभवास आले, की बिघाडाची धास्ती उरत नाही, आणि मुलाचा हात कळफलकाकडे गेल्यास शिक्षक त्यास अडवीत नाही.

स्वाध्याय

(१) आपल्या शाळेतील संगणकाची स्मृती व साठवण किती, हे पाहून नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा.
(२) शेवटच्या रांगेत बसून पडद्यावरील अक्षरे वाचून पाहा. कोणता बदल आवश्यक वाटतो ?
(३) ‘दुसऱ्या’, ‘सूर्य’, ‘तऱ्हा’, ‘कार्य’ हे शब्द इन्स्क्रिप्टमध्ये टंकून त्यांतील कळींचा क्रम लिहा.
(४) पट्टीवर कोणती सहा चिन्हे ठेवाल ? प्रत्येकाचे कारण द्या.
(५) आपल्या वर्गातील किती मुलांनी आजवर स्वतःच्या हाताने कळफलक वापरला आहे, याची मोजणी करा. तीच मोजणी तीन महिन्यांनी पुन्हा करा आणि दोन्ही आकडे केंद्राच्या शिक्षणपरिषदेत मांडा.