आजीच्या साडीची बाळगोधडी : घरचं काम ऑर्डरचं कसं करायचं



व्हिडिओत गोधडीच्या हिशोबाला वेळ कमी पडला, म्हणून तो इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण आकडे आहेत.

प्रश्न साधा आहे. घरात लेकरू लहान आहे, त्यामुळे बाहेर कामाला जाता येत नाही. हाताला सुईदोरा येतो. यातून धंदा उभा राहील का? उदाहरण आपण आष्टीचं घेऊ. दसरा झाला की या तालुक्यातून ऊसतोडीला गाड्या निघतात. ज्या घरात लेकरू अगदी लहान असतं, तिथे "यंदा कोयता घ्यायचा की नाही" यावर रात्र रात्र चर्चा चालते. उचल घेतली की सहा महिने लेकरू फडावर, पाचटाच्या खोपीत. नाही घेतली तर घरात पैसा कुठून? त्यामुळे हा हिशोब हौसेचा नाही, पोटाचा आहे. तसाच करू.

घरात लेकरू आलं की आपल्याकडे काय काय हातानं शिवतात? दुपटं, झबलं, टोपडं, लंगोट, कुंची आणि मऊ जुन्या साडीची छोटी गोधडी, कुणी वाकळ म्हणतं. हे आई-आजीकडून आलेलं काम, क्लास कुणी लावलेला नसतो. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी ही सगळी याच जातीची कामं : जुनं कापड, थरावर थर आणि धावदोरा. तिथं त्याला कला म्हणून गिऱ्हाईक मिळालं. आपल्याकडे अजून बहुतेक वेळा "घरात पडलंय ते शिवलंय" असंच म्हणतात, आणि मग भावही तसाच मिळतो.

आता मुद्द्याचं. गोधडी शिवून, ढीग लावून, बाजारात बसून विकायला जाऊ नका. तिथं तुमच्या शेजारी मशीनवर शिवलेली रंगीत दुपटी असतात आणि गिऱ्हाईक भाव त्याच्याशी लावतं. त्या भावात हाताचं काम परवडत नाही, कितीही घासाघीस केली तरी. आपण विकायची ती गिऱ्हाइकाच्याच घरातल्या साडीची गोधडी. साडी त्यांची, शिलाई आपली. यात दोन फायदे आहेत. एक, कापडात भांडवल अडकत नाही आणि न विकलेला माल घरात पडत नाही. दोन, त्यांच्या आजीच्या साडीची गोधडी दुसऱ्या कुठल्या दुकानात मिळूच शकत नाही. मग तुलना कशाशी करणार?

गिऱ्हाईक कुठं आहे?

पुण्याला, चाकणला, नगरला (आता अहिल्यानगर) कामाला गेलेली पोरं-पोरी आठवा. त्यांच्या आजीच्या साड्या गावातल्या ट्रंकेत आहेत. आणि पहिलं बाळंतपण बहुतेक माहेरी. म्हणजे गिऱ्हाईक स्वतःच आष्टीला, कड्याला, आसपासच्या गावात येतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी बाळ, मग बाराव्या दिवशी किंवा सवडीनं बारसं. डोहाळजेवणाला ऑर्डर घेतली तर हातात दोन महिने मिळतात. लेकरू सांभाळून शिवणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीची मुदत कुठल्याच धंद्यात मिळत नाही. २३ सप्टेंबर २०२२ पासून नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, एसटी तर आहेच. साडीची पिशवी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पोचते, कुरिअरचा खर्च दरवेळी लागत नाही.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. बऱ्याच घरांत बाळ यायच्या आधी बाळाचं काही आणत नाहीत. त्याचा मान ठेवा. साडी आधी घ्या, काम आपल्या घरी चालू ठेवा, गोधडी त्यांच्या हातात बाळ आल्यावरच द्या. ॲडव्हान्स दोर-मगजीपुरताच, शंभर-दीडशे. आणि देव न करो, काही विपरीत झालं तर फोन करून "गोधडीचं काय" असं विचारायचं नाही. ते सांगतील तेव्हा साडी नाहीतर जेवढं शिवलंय तेवढं धुऊन, नीट घडी घालून परत द्यायचं. ॲडव्हान्सही परत. शंभर रुपये जातील, जाऊ द्या.

साडीत किती निघतं

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद. लांबीवर दर ७५ सेंटिमीटरला फाडत गेलं तर सात तुकडे पडतात, प्रत्येक ७५ बाय ११०. नऊवारी असेल तर दहा. बाळगोधडीला चार थर पुरतात. उरलेल्या तीनमधून दोन पदरी दुपटं होतं आणि एका तुकड्यात टोपडं-लंगोट. विरलेला तुकडा फेकू नका, तो मधल्या थरात घाला. वर आणि खाली चांगला तुकडा.

साडी सुतीच हवी. आता आजीच्या ट्रंकेतही सिंथेटिक साड्या खूप निघतात, हाताला मऊ लागतात म्हणून फसगत होते. कडेचा एक दोरा ओढा आणि काडेपेटीनं जाळा. सुती दोऱ्याची मऊ राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. सिंथेटिक वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. असा मणी झाला तर बाळासाठी ती साडी घ्यायची नाही, घाम शोषत नाही ती. गिऱ्हाइकाला तसं सरळ सांगा. रंगासाठी साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर चोळा. रंग उतरला तर आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, तरीही उतरत असेल तर तो तुकडा नको. जरीचे काठ बाळाला टोचतात, ते कापून वेगळे परत द्या. उरलेल्या चिंध्यासुद्धा परत द्या. चिंध्या परत करणाऱ्या बाईकडे लोक दुसरी साडी बिनधास्त देतात.

साडी हातात आली की फोटो काढा, नावाची चिठ्ठी टाचा, आणि कात्री लावण्याआधी व्हॉट्सॲपवर एकदा "फाडू का?" विचारून "हो" लिहून घ्या. एकदा फाडलेली आजीची साडी कुणी भरून देऊ शकत नाही.

भाव ठरतो ओळींच्या अंतरावर

हे बहुतेक शिवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून नीट बघा. कडा दुमडल्यावर गोधडी ७५ बाय १०५ सेंटिमीटरच्या आसपास राहते. धावदोऱ्याच्या दोन ओळींमध्ये २ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर साधारण ३७ ओळी येतात. प्रत्येक ओळ एक मीटरहून थोडी जास्त, म्हणजे एकूण ३९ मीटर शिलाई. अंतर १ सेंटिमीटर केलं तर ७८ मीटर. गोधडी तेवढीच, कापड तेवढंच, काम दुप्पट! दिसायला दाट टाका सुंदरच दिसतो. पण भाव न वाढवता तो घातला तर तुम्ही दहा तास फुकट दिले.

तुमचा वेग किती? अंदाज नको. मोबाईलवर टायमर लावा, एक तास शिवा, शिलाई टेपनं मोजा. हिशोबासाठी आपण तासाला ४ मीटर धरू आणि शेतातली हजेरी आठ तासांना ३०० रुपये धरू. तुमच्याकडचे खरे आकडे टाकून हाच हिशोब पुन्हा करा.

३९ मीटर शिलाई : १० तास
धुणं, फाडणं, थर लावणं, मगजी : २ तास
१२ तासांची मजुरी (तासाला साडेसदतीस) : ४५० रुपये
दोरा, मगजीचं कापड, पिशवी : ७० रुपये
एकूण खर्च : ५२० रुपये
त्यावर ३० टक्के : साधारण ६७५, म्हणून भाव ७०० रुपये

दाट टाक्याची तीच गोधडी २२ तास घेते आणि भाव ११५० ते १२०० वर जातो. दोन्ही नमुने वीतभर शिवून ठेवा, गिऱ्हाइकाला हातात द्या. निवड त्यांची.

आठवड्याला दोन गोधड्या म्हणजे २४ तास, रोज चार तास. लेकरू झोपल्यावर आणि नवरा-बायकोनं वाटून घेतल्यावर हे जमतं. (फाडणं, थर लावणं, टाचणं, पोचवणं यात नवऱ्यानं करू नये असं काहीच नाही.) महिन्याला आठ गोधड्या, प्रत्येकी सामानाचे ७० वजा जाता ६३०, म्हणजे सुमारे ५००० रुपये. स्पष्ट सांगतो, उचलीच्या रकमेशी याची तुलना होत नाही, आणि आठ ऑर्डरी पहिल्या महिन्यात येतही नाहीत. एका हंगामात घर यावर चालेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. शेळ्या, दूध, जवळची हजेरी असं काहीतरी सोबत लागेलच. पण लेकरू घरी राहतं, आणि पुढच्या दसऱ्याला तुमच्याकडे गिऱ्हाइकांची यादी असते.

पायमशीन असेल तर मगजी मशीनवर, आतली शिलाई हातानं. वीज गेली तरी काम थांबत नाही. सगळीच मशीनवर केली तर वेळ खूप वाचतो, पण मग ती "मशीनची" म्हणूनच सांगा आणि भावही त्याच हिशोबानं लावा.

बाळाचं काम आहे, इथे ढिलाई नको

सकाळी सुया मोजून काढायच्या, रात्री मोजून ठेवायच्या. तुमचंच लेकरू तिथं रांगतंय. सुई तुटली तर दोन्ही तुकडे सापडेपर्यंत काम बंद, आणि सापडलेले तुकडे वहीत चिकटपट्टीनं लावून तारीख टाका. निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत तुटक्या सुयांची अशीच नोंदवही असते. गोधडी देण्याआधी जुन्या स्पीकरमधलं चुंबक चारी बाजूंनी फिरवा. मणी, बटण, टिकल्या, घुंगरू, लोंबणारी नाडी काहीही नको, बाळ ते तोंडात घालतं.

आणि ही गोधडी खाली अंथरायला आहे, मांडीवर घ्यायला आहे, हे देतानाच सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेच्या जागी उशी, जाड मऊ पांघरूण ठेवू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, श्वास कोंडण्याचा धोका असतो. म्हणून बाळंतविड्यात मोहरीची उशी मागितली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

उरलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या करून विकू, असं पुष्कळांच्या मनात येतं. थांबा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. विकास आयुक्त (हस्तकला) कार्यालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. म्हणजे आधी कारागिराचं ओळखपत्र, मग बाहुली. स्वतःच्या लेकीला करायची असेल तर आजच करा.

कागदपत्रांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवर होते, तिला एक रुपयाही फी नाही. गिऱ्हाइकाची साडी शिवून देणं ही सेवा धरली जाते, आणि सेवेला जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, तेव्हा आत्ता त्याची चिंता सोडा. पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम येतं : ५ ते ७ दिवसांचं प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजानं पहिलं कर्ज १ लाखापर्यंत. लाभ घरातल्या एकालाच मिळतो, तेव्हा कुणाच्या नावानं करायचं ते आधी ठरवा आणि नोंदणी चालू आहे का ते सीएससी केंद्रात विचारा. कर्ज मात्र मिळतंय म्हणून घेऊ नका. या धंद्याला सुरुवातीला सुई, दोरा, टेप आणि कात्री लागते.

पुढच्या धड्याआधी गृहपाठ. घरातल्याच एका सुती साडीची गोधडी शिवा, आपल्याच लेकराला वापरा, विकू नका. शिवताना तास लिहा. महिनाभर वापरून, दर दोन दिवसांनी धुऊन बघा : कुठे टाका उसवला, कुठे थर सरकला, मगजी गोळा झाली का. मग तीच गोधडी घेऊन डोहाळजेवणाला जा, लोक हात लावून बघतील. पुढच्या वेळी कुंचीचं माप आणि खणाचं कापड घेऊ.