तलवार उपसलेला तुरुंगाधिकारी



फिलिप्पै येथे मध्यरात्री भूकंपाने तुरुंगाची दारे उघडली. कैदी पळाले असे समजून तुरुंगाधिकारी जीव द्यायला निघाला. त्यानेच खोड्यात अडकवलेल्या संत पौलाने त्याला ओरडून थांबवले (प्रेषितांची कृत्ये १६:२४-२८).

प्रिझन मिनिस्ट्री इंडिया हे सेवाकार्य १९८१ साली केरळात सुरू झाले. त्याचे स्वयंसेवक कैद्यांना भेटतात, त्यांच्या घरच्यांनाही आधार देतात. पोलिसांसाठी मात्र वेगळा धर्मगुरू नेमण्याची रीत आपल्याकडे नाही. हिललाईन ठाण्याची पायरी आपण चढतो, तीही बहुधा तक्रार घेऊनच. रेल्वेखाली सापडलेल्याचा पंचनामा करून पहाटे घरी परतणाऱ्या हवालदाराची विचारपूस कोण करतो? तो आपल्याच चाळीत, शेजारच्या दारात राहत असेल. आपण निदान चहाला तरी बोलावू या.

त्या तुरुंगाधिकाऱ्याने त्याच रात्री कैद्यांच्या जखमा धुतल्या आणि त्यांना घरी जेवू घातले.