युद्धातली जीप ओळखताना, जपताना

बाळा, दुसऱ्या महायुद्धातली जीप म्हणून कुणी गाडी दाखवली, तर लगेच वायर ब्रश हातात घेऊ नकोस. आधी खाली वाकून बघ. रेडिएटरखालचा चासीचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर ती विलीजची एमबी, चौकोनी असेल तर फोर्डची जीपीडब्ल्यू. फोर्डच्या तर बोल्टांच्या डोक्यांवरही ‘एफ’ उमटवलेला सापडतो. मग पुढच्या जाळीच्या फटी मोज. युद्धातल्या गाडीला नऊ, नंतरच्या नागरी सीजेला सात. अगदी पहिल्या विलीजना मात्र वेल्ड केलेल्या पट्ट्यांची जाळी होती.

डावं स्टिअरिंग बघून फसू नकोस. महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत विलीज जुळवल्या, आणि त्यांच्या जीपाही कित्येक वर्षं डाव्याच होत्या. उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी त्यातलीच. तीही जपावी, पण तिला युद्धातली म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

चासी नंबर डाव्या बाजूला शोध. विलीजचा पुढच्या बंपरमागे, आतून रिव्हेट मारलेल्या पाटीवर. फोर्डचा चासीच्या वरच्या अंगाला ठोकलेला. तिथे ग्राइंडर फिरला की गाडीची ओळख संपली. डिझेलात भिजवलेल्या चिंधीने मळ काढ आणि आधी फोटो घे.

खरा शत्रू आपली हवा. पेणला खाडी आणि मिठागरं, रोह्याला धो धो पाऊस. जीपच्या फ्लोअरखाली पत्र्याच्या पोकळ पट्ट्या असतात, त्यात लाकूड भरलेलं. ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून सडतो. वर रंग चकचकीत, खाली टोचा मारला की आरपार. म्हणून टोच्याने तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस. ड्रायव्हरच्या सीटखाली टाकी बसते, त्या खोलगटाचं पाणी जायचं भोक मोकळं ठेव. पावसाळ्यात प्लॅस्टिकची ताडपत्री गुंडाळू नकोस, आत घाम धरतो. उंच जोत्यावर, छपराखाली, लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेव आणि बॅटरी काढ. पुराचं पाणी लागलंच तर गिअर ऑइल आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल लगेच बदल. पांढरट दिसलं म्हणजे पाणी शिरलंय.

रंगाची हौस आवर. ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, असा मोटार वाहन नियम आहे. पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाडीला 2021 पासून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण ती रोज फिरवता येत नाही.

रोह्याकडे कुणाच्या पडवीला अशी गाडी उभी दिसली, तर भंगारवाल्याआधी तू पोच. आरसी बुक माग, नंबर ताडून बघ, आणि मालकाला ती कापू देऊ नकोस.