मृत्युपत्रातल्या देणगीसाठी कार्यकर्ते घडवताना

दरवर्षी न चुकता देणगी देणाऱ्या निवृत्त शिक्षिका एखाद्या दुपारी संस्थेच्या कार्यालयात येतात, पावती घेतात आणि जाता जाता म्हणतात, "माझ्या मागे घर तुमच्या संस्थेलाच द्यावं म्हणते." समोरचा कार्यकर्ता पावतीपुस्तकात तरबेज असतो, पण या वाक्याला काय उत्तर द्यायचे हे त्याला कुणी शिकवलेले नसते. "असं काय बोलता बाई, शंभर वर्षं जगाल," असे तो म्हणतो. बाई हसतात आणि विषय तिथेच संपतो. महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्थांचे मोठे दान असे उंबरठ्यावरून परत जाते.

अमेरिका-ब्रिटनमध्ये या कामाचे प्रशिक्षण घेताना वारसाकर कसा वाचतो हा मोठा धडा असतो. आपल्याकडचा तसा कर, म्हणजे इस्टेट ड्युटी, १९८५ सालीच रद्द झाला. मृत्युपत्रातून संस्थेला काही दिले, तर देणाऱ्याचा करापोटी एक रुपयाही वाचत नाही. तरीही माणसे देतात, ती कामावरच्या आणि ते करणाऱ्या माणसांवरच्या विश्वासामुळे. म्हणून इथले प्रशिक्षण संभाषण, संयम आणि नोंदी यांवर उभे करावे लागते. कायदा हवाच, पण आपण कुठे थांबायचे आणि वकिलाला कुठे बोलवायचे, हे कळण्यापुरता. पुढची कृती दोन ते पाच कार्यकर्ते असलेल्या मध्यम संस्थेसाठी आहे आणि तिला साधारण एक वर्ष द्यावे.

पहिली पायरी : माणूस निवडा आणि त्याचे उद्दिष्ट बदला

देणगी गोळा करण्यात सर्वांत चटपटीत असलेल्या माणसाला हे काम देऊ नका. ज्याला ऐकता येते, ज्याचे अक्षर नीट आहे आणि जो संस्थेत टिकणार आहे, असा माणूस निवडा. मृत्युपत्रातली देणगी हाती यायला दहा-पंधरा वर्षेही लागतात. त्याला महिन्याचे रकमेचे लक्ष्य मुळीच नको. आणलेल्या देणगीवर टक्केवारी तर कधीच नको. टक्केवारी ठरली की वृद्ध माणसाच्या घरात शिरताना त्याची नजर बदलते, हे विश्वस्तांनी लक्षात घ्यावे. शक्यतो दोघांना एकत्र तयार करा, म्हणजे एक गेला तरी ओळखीचा धागा राहील.

दुसरी पायरी : कायद्याच्या चार बैठका

वारसाहक्काची कामे करणारा वकील आणि संस्थेचा सी.ए., दोघांना बोलवा. व्याख्यान नको, कार्यकर्त्यांनी प्रश्न विचारायचे.

पहिल्या बैठकीत मृत्युपत्राची मुळाक्षरे. ते साध्या कागदावर चालते, स्टँपपेपर लागत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली बरी. करणारा जिवंत आणि सावध असेपर्यंत ते हवे तितक्या वेळा बदलू शकतो. वडिलोपार्जित मालमत्तेतला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. मुस्लिम दात्याला वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. गोव्यात मुलांसारखे सक्तीचे वारस असतील, तर इच्छेप्रमाणे देता येणारा भाग निम्म्याहून जास्त नसतो. तिथे २०१२ चा वेगळा वारसा कायदा आहे, आणि सिंधुदुर्गातल्या संस्थांना गोव्याचे दाते असतातच. ख्रिस्ती दात्यांच्या धर्मादाय मृत्युपत्रांवर १९२५ च्याच कायद्यातल्या कलम ११८ चे जे बंधन होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरवले. जुन्या माहितीपत्रकात ते अजून असेल तर काढून टाका.

दुसरी बैठक नॉमिनी आणि वारस यांच्यासाठी राखून ठेवा, कारण सगळ्यांत जास्त गैरसमज इथे असतात. "मी नॉमिनेशन केलंय, आता मृत्युपत्र कशाला?" हा प्रश्न हमखास येतो. कालनिर्णयकार जयंत साळगांवकर यांच्या मालमत्तेविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले, की शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी त्यांचा मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो. हे उदाहरण मराठी घरांत लगेच कळते.

तिसऱ्या बैठकीत मालमत्तेचे प्रकार घ्या : मुदतठेव, शेअर, दागिने, फ्लॅट, शेतजमीन. रोख आणि ठेवी सोप्या. फ्लॅट संस्थेच्या नावावर आला की तो विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते आणि त्यात बराच काळ जातो. म्हणून दात्याची हरकत नसेल, तर घर विकून रक्कम संस्थेला द्यावी असे व्यवस्थापकाला (मृत्युपत्र अमलात आणणाऱ्याला) सांगणारे कलम मृत्युपत्रात घालता येईल का, हे त्याने आपल्या वकिलाला विचारावे. शेतजमिनीचे दान ऐकले, की कार्यकर्त्याने आभार मानून थेट वकिलाला भेटायला सांगावे. शेतकरी नसलेल्या संस्थेकडे ती जमीन जाण्यात कूळकायद्याचे अडथळे आहेत, आणि सातबारा बघून मत देणे हे आपले काम नव्हे.

चौथी बैठक सी.ए.ची. जिवंतपणी दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळते (जुन्या कायद्यातले कलम ८०जी), ती पैशांवरच, वस्तूंवर किंवा जागेवर नाही, आणि दोन हजारांपुढच्या रोख रकमेवरही नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा कार्यालयातली पत्रके नव्याने छापून घ्या. स्थायी निधीसाठी द्यायचे असेल, तर दात्याने तसे लेखी द्यायला हवे. परदेशी मराठी माणसांबाबत एकच प्रश्न पाठ करून घ्या : पासपोर्ट कोणत्या देशाचा? भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी निधी ठरत नाहीत. न्यू जर्सीत राहून अमेरिकन नागरिक झालेल्या पुतण्याकडे ओसीआय कार्ड असले, तरी त्याचे पैसे परदेशी निधीच. त्यासाठी संस्थेला परदेशी निधीच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतले ठरावीक खाते लागते.

तिसरी पायरी : बोलायला आणि गप्प बसायला शिकवा

वर्षातला निम्मा वेळ इथे घाला. आपल्याकडे घरात मरणाचा विषय निघाला, की "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून तो दाबला जातो. कार्यकर्ताही त्याच घरात वाढलेला असतो, त्यामुळे "शंभर वर्षं जगाल" हे वाक्य त्याच्या तोंडून आपोआप निघते. त्यात प्रेम असते, पण त्याने दार बंद होते. सत्तरीतल्या माणसाने फार विचार करून तो विषय काढलेला असतो. पहिला सराव म्हणून हे एकच वाक्य न बोलायचे शिका. त्याच्या जागी म्हणा : "बाई, हे तुम्ही मोकळेपणानं बोललात, बरं वाटलं. तुमच्या मनात काय आहे ते सांगाल?" आणि मग थांबा. थांबणेच सर्वांत अवघड जाते. दोन-तीन श्वास शांततेत गेले तरी चालतील. त्या शांततेत लोक नवऱ्याबद्दल, गेलेल्या मुलाबद्दल, ज्या शाळेत फी माफ झाली त्या शाळेबद्दल बोलू लागतात. देणगीचे खरे कारण तिथे असते आणि पुढच्या सगळ्या पत्रव्यवहाराचा आधार तेच असते.

सरावासाठी तिघांचे गट करा : एक दाता, एक कार्यकर्ता, एक निरीक्षक. निरीक्षकाने फक्त दोन गोष्टी टिपायच्या, कोण किती वेळ बोलले आणि कार्यकर्त्याने कुठे घाई केली. प्रसंग आपल्याच गावातले घ्या. उदाहरणार्थ, बँकेतून निवृत्त झालेले काका, पत्नी गेलेली, मुलगी बंगळुरात. तिच्याशी भांडण झालेले असते आणि सगळे संस्थेला द्यायचे म्हणतात. इथे "हो" म्हणायची घाई करणारा कार्यकर्ता नापास. "काका, मुलीला हे ठाऊक आहे का? थोडं थांबूया, पुढच्या महिन्यात पुन्हा बोलू," असे म्हणणारा पास. रागात केलेले मृत्युपत्र दाता पुढे बदलतो, किंवा त्याच्या मागे ते कोर्टात जाते, आणि संस्थेचे नाव त्यात ओढले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाप-लेकीतल्या दुराव्यावर आपली इमारत उभी राहू नये.

दुसरा प्रसंग नावाचा ठेवा. आईच्या नावाने सभागृह हवे, ही मागणी लाजिरवाणी नाही. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले, आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे त्यांच्या आईचे नाव आजही विद्यापीठाला आहे. कार्यकर्त्याने शिकायचे ते असे : कोणत्या अटी मान्य करता येतात हे विश्वस्तांनी आधी लेखी ठरवलेले असावे आणि त्यापलीकडे आपण तोंडी वचन देऊ नये. फार अरुंद हेतूही हळुवारपणे सैल करून घ्यावा. "अमुक गावच्या टंकलेखन वर्गासाठी" असे लिहिलेली रक्कम तो वर्ग बंद पडल्यावर अडकून बसते; "त्या भागातल्या मुलींच्या व्यवसायशिक्षणासाठी" असे लिहिले, तर ती पन्नास वर्षेही उपयोगी पडते. मृत्युपत्रातले दान किती टिकते पाहा : सर रतन टाटा १९१८ मध्ये गेले, त्यांच्या मृत्युपत्रातून १९१९ मध्ये उभा राहिलेला ट्रस्ट अजून काम करतो आहे.

स्वतःहून विचारावे का? विचारावे, पण साधेपणाने. ब्रिटनमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग कार्यकर्त्यांना जरूर सांगा. मृत्युपत्र करायला आलेल्या लोकांना काहीच विचारले नाही, तेव्हा सुमारे ५ टक्क्यांनी संस्थेला काही ठेवले. नुसते विचारल्यावर प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर गेले, आणि तुम्हाला मनापासून जवळची वाटणारी एखादी संस्था आहे का असे विचारल्यावर सुमारे १५ टक्क्यांवर. आपल्याकडे हा प्रश्न विचारू शकेल असा माणूस म्हणजे तालुक्याचा वकील. तेव्हा वकिलांना भेटणे हाही प्रशिक्षणाचा भाग समजा. सराव खुल्या जागी करायचा असेल, तर पितृपंधरवड्यात पुण्यात भरणाऱ्या 'देणे समाजाचे' प्रदर्शनासारख्या ठिकाणी नव्या कार्यकर्त्याला उभे करा. गेलेल्यांच्या आठवणीत द्यायला आलेली माणसे तिथे भेटतात, आणि ऐकण्याचा सराव याहून चांगला कुठे होणार नाही.

चौथी पायरी : काय करायचे नाही, ते सहीनिशी

एका पानावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, भिंतीवर लावा. दात्याचे मृत्युपत्र आपण लिहायचे नाही, टाइप करून द्यायचे नाही. साक्षीदार व्हायचे नाही. आपल्या गाडीतून दुय्यम निबंधकाकडे न्यायचे नाही. दात्याचा वकील आपण ठरवायचा नाही. विचारले तर तीन नावे द्यायची. स्वतःसाठी भेट घ्यायची नाही, दिवाळीच्या फराळापलीकडे काही नाही. दाता विसरू लागला आहे, गोंधळतो आहे असे वाटले, तर देणगीचा विषय पूर्ण थांबवून घरच्यांना कळवायचे, तेही त्याच्या विश्वासातल्या माणसाला. एकटे राहणाऱ्या वृद्धाकडे दोघांनी मिळून जायचे. हे नियम दात्याचे रक्षण करतात, आणि उद्या भाच्याने कोर्टात दबावाचा आरोप केला, तर कार्यकर्त्याचेही.

पाचवी पायरी : वही

प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी नोंद : तारीख, कोण कोण होते, दात्याचे शब्द जमतील तितके त्याच्याच भाषेत, आपण काय कबूल केले. दाता किंवा नातलग ती उद्या वाचतील असे समजून लिहायचे. जातीचा, आजाराचा, भांडणाचा तपशील कामापुरताच. वही कुलपात. मृत्युपत्राची प्रत मागायची नाही, दिली तर जपायची.

सहावी पायरी : दाता गेल्यानंतर

हा भाग जवळजवळ कुणीच शिकवत नाही. जुनी निकाली फाइल असेल तर नावे झाकून ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून घ्या. क्रम असा. बातमी कळताच घरी जायचे, पैशाचा शब्द काढायचा नाही. तेराव्यानंतर विश्वस्तांच्या सहीचे सांत्वनपत्र. मग मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाला पत्र : संस्थेची नोंदणी, पॅन, बँकेचा तपशील, आणि आम्ही घाईत नाही हे स्पष्ट. प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर) लागते का, हे वकिलाला त्या वेळी नव्याने विचारायचे, कारण नियम बदलतात. स्थावर मालमत्ता आली, तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. वारसांनी हरकत घेतली, तर कार्यकर्त्याने एकट्याने वाटाघाट करायची नाही, विषय विश्वस्तांकडे. रक्कम आली की कुटुंबाला पावती आणि सहा महिन्यांनी त्या पैशाचे काय झाले याचे पत्र. पुढच्या पिढीतला दाता अनेकदा त्या पत्रातून जोडला जातो.

सातवी पायरी : वर्षाअखेरची तपासणी

किती रुपये आले हे विचारू नका. किती जणांशी मनमोकळे बोलणे झाले, किती नोंदी त्याच दिवशी झाल्या, किती दात्यांना वर्षात दोनदा तरी पैसे न मागता भेटलो, किती वेळा "हे वकिलाला विचारा" म्हटले, हे मोजा. बाहेर शिकायची सोय हवी असेल, तर मुंबईतले सेंटर फॉर ॲडव्हान्समेंट ऑफ फिलान्थ्रॉपी विश्वस्त संस्थांच्या कायद्याविषयी मार्गदर्शन करते, आणि देणगी उभारणाऱ्यांसाठीचे सीएफआरई हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नव्याने मिळवावे लागते. ते घ्यायला हरकत नाही, पण त्यातला करबचतीचा भाग इथे लागू नाही हे आधी सांगा. कार्यकर्ता संस्था सोडणार असेल, तर निघण्याआधी एक महिना त्याने नव्या माणसाला प्रत्येक दात्याच्या घरी स्वतः नेऊन ओळख करून द्यायची, आणि त्या भेटीची नोंद दोघांनी सही करून वहीत करायची.