भूजलाचा नकाशा वाचताना

नितळ पाणी निर्दोष असतेच असे नाही. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजलाचा खारेपणा जिभेला कळतो. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत मात्र खडकातून पाण्यात उतरलेले फ्लोराइड चवीला कळत नाही. मुलांचे दात डागाळतात. दीर्घकाळ ते पोटात गेल्यास हाडे वाकतात. पाणी उकळल्यानेही ते जात नाही.

बोअर खोल नेली की शुद्ध पाणी मिळते, हाही भ्रमच. खडकाशी दीर्घ संपर्कात राहिलेल्या पाण्यात क्षार अधिक विरघळू शकतात. म्हणून नकाशात खोली व गुणवत्ता यांची नोंद एकत्र हवी. विहिरीतील पाण्याची पातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजावी. तपासणीत लिटरमागे फ्लोराइड १.५ किंवा नायट्रेट ४५ मिलिग्रॅमहून अधिक आढळल्यास तो स्रोत पिण्यासाठी वर्ज्य मानून नकाशावर तसे दाखवावे.

इतिहासाच्या अभ्यासकाला नकाशा हाही दस्तऐवजच वाटतो. त्यात काय वगळले आहे, हे तो आधी पाहतो. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा हातपंप नोंदीतून सुटला, तर तेथील पाण्याची तपासणीही सुटते. आपल्या गावाचा नकाशा मागून घ्यावा आणि त्यात आपल्या वस्तीची विहीर प्रथम शोधावी.