खाते नंबरांतील रिकाम्या जागा भराव्यात काय?

व्यापारी व कारागीर बंधूंनो,

वही सोडून आपण संगणकावर आलो, पण वहीची सवय सुटलेली नाही. वहीचे पान फाटलेले दिसले की संशय येतो. तसेच यादीत ३ नंतर एकदम ७ नंबर दिसला की आपण अस्वस्थ होतो. आमचेही तेच झाले.

आम्ही सूत देऊन कापड विणून घेतो. मागवाल्यांच्या यादीतील बंद खाती पुसल्याने ४, ५, ६ हे नंबर रिकामे पडले. आम्ही हौसेने ७ चा ४ केला, ८ चा ५, ९ चा ६ आणि १० चा ७. यादी सुरेख दिसू लागली. पण मजुरीच्या नोंदी वेगळ्या तक्त्यात जुन्याच नंबरावर राहिल्या होत्या. हिशेबाला बसलो तेव्हा जुन्या ७ नंबरवाल्याची मजुरी जुन्या १० नंबरवाल्याच्या नावावर निघाली. घाम एकाचा, पैसा दुसऱ्याचा! कागदी चिठ्ठ्या जपल्या होत्या म्हणून चूक सापडली.

यातून आम्ही शिकलो ते असे: खाते नंबर ही मोजणी नव्हे, ओळख आहे. रिकामा नंबर म्हणजे तोटा नव्हे. अर्धवट सोडलेली नोंदसुद्धा पुष्कळदा एक नंबर खाऊन जाते. सलग क्रम हवा असल्यास छापताना वेगळा अनुक्रमांक घालावा. बंद खाते पुसू नये, त्यापुढे 'बंद' लिहावे.

नंबर बदलणे भागच पडले तर:

१) आधी सर्व माहितीची नक्कल वेगळी ठेवावी.
२) जुना नंबर व नवा नंबर असा तक्ता करून तो कायम जपावा.
३) खाती, मजुरी, बिले यांत एकाच वेळी बदल करावा. मध्येच अडले तर सारे पूर्ववत करावे. सुरुवात लहान नंबरापासून करावी, म्हणजे दोन खाती एका नंबरावर येत नाहीत.
४) प्रत्येक खात्याची बाकी नावानिशी आधी व नंतर ताडून पाहावी.

बिल नंबराची गोष्ट निराळी. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे तो सलग, त्या आर्थिक वर्षात एकमेव व जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो. तरीही रद्द बिल पुसून पुढचे नंबर मागे ओढू नयेत. गिऱ्हाइकाच्या हातातील बिल बदलत नाही. ते 'रद्द' म्हणून ठेवावे आणि जीएसटीआर-१ मध्ये रद्द बिलांची संख्या दाखवावी.

यादी ओबडधोबड दिसली तरी चालेल, पण ज्याचा पैसा त्याच्याच खात्यावर राहिला पाहिजे.