मतपेटीची कडी आणि प्रॉडक्ट डिझायनर

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली की घरात ठरतं, पोराला डिझाईनला घालू. सी मिळाली की ठरतं, हे आपलं काम नाही. नायगावातल्या पालकांकडून हा हिशेब वारंवार कानावर येतो, आणि दोन्ही वेळा त्याचा पायाच चुकलेला असतो. प्रॉडक्ट डिझायनरला कागदावर हात चालवता यावा लागतो, हे खरं. पण त्याचं मुख्य काम त्याआधी सुरू होतं. वस्तू कोण वापरणार, कुठे, किती घाईत, आणि ती किती पैशांत बनायला हवी, हे शोधून तो तिचा आकार, पकड, बटणं, साहित्य आणि जोडणी ठरवतो.

याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. भोईवाडा, परळ ओलांडून आपण लालबागला पोचतो, त्या भागात १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं बनवायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या कंपनीच्या विक्रोळीतल्या कारखान्याकडे १९५१ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो पोलादी मतपेट्यांचं काम आलं. एक पेटी पाच रुपयांच्या आसपास बसवायची होती. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळं कुलूप लावलं असतं, तर हा आकडा गाठणं अशक्य होतं. कारखान्यातले एक कामगार, नाथालाल पांचाल, यांनी पेटीच्या आतच बसणाऱ्या कडीची युक्ती सुचवली, असं कंपनीच्या जुन्या नोंदी सांगतात. तेव्हा अहमदाबादची एनआयडी ही डिझाईनची राष्ट्रीय संस्था निघायला अजून दहा वर्षं होती. पांचालांनी केलं ते मात्र अस्सल प्रॉडक्ट डिझाईन होतं.

त्या पेटीची जागा पुढे मतदान यंत्राने घेतली. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि ईसीआयएल या सरकारी कंपन्यांनी ते बनवलं. त्याचं औद्योगिक डिझाईन मात्र पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीमधल्या, म्हणजे १९६९ मध्ये सुरू झालेल्या इंडस्ट्रियल डिझाईन सेंटरमधल्या, प्राध्यापकांनी केलं: ए. जी. राव आणि रवी पूवय्या. पुढच्या वेळी मतदानाला जाल तेव्हा ते यंत्र नीट बघा, आणि मुलांनाही त्याबद्दल सांगा. वाचता न येणाऱ्यालाही चिन्ह ओळखून त्याच ओळीतलं निळं बटण दाबता येतं. दाबल्यावर शेजारी लाल दिवा लागतो आणि लांब बीप वाजतो, म्हणजे मत पडलं की नाही ही शंका मनात घेऊन कोणी बाहेर पडत नाही. वीज नसलेल्या पाड्यावरही ते बॅटरीवर चालतं. हातात धरून नेता यावं म्हणून ते पेटीत बसतं. यातल्या एकाही गोष्टीला कोणी सुंदर म्हणणार नाही, पण प्रत्येकीमागे कुणीतरी मतदाराची अडचण आधी ओळखलेली आहे.

म्हणूनच मला वाटतं, नायगावच्या मुलांनी या क्षेत्राला बिचकू नये. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलेल्या मुलाला जागा, घडी आणि उंची यांचं भान पुस्तकातून आणावं लागत नाही. ज्यांचे आजोबा स्प्रिंग मिल या कापडगिरणीत फिटर होते, त्यांच्या घरात तर यंत्र उघडून बघण्याची सवय आधीपासूनच आहे. हे भांडवल आहे, आणि मुलाखतीत ते बोलून दाखवता आलं पाहिजे.

आता वाटा. बारावीनंतर बी.डेस. या डिझाईनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई यूसीड ही परीक्षा घेते, आणि तिच्या गुणांवर आणखी काही आयआयटींतही प्रवेश मिळतो. मुंबईत कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो. इतर ठिकाणच्या अटी मात्र वाचून घ्या. एकूण ३०० गुणांपैकी १०० चित्र काढून दाखवण्याचे, उरलेले निरीक्षण, तर्क आणि आकलनाचे. प्रयत्न दोनच, तेही लागोपाठच्या वर्षी. एनआयडीची परीक्षा वेगळी.

घाबरलेल्या पालकांना मी दुसरी वाट आवर्जून सांगतो. मुलाने आधी माटुंग्याच्या व्हीजेटीआयसारख्या ठिकाणी मेकॅनिकल किंवा जे. जे. कला महाविद्यालयात उपयोजित कला करावी, मग सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस. या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जावं. आयडीसीत इंडस्ट्रियल डिझाईन, इंटरॅक्शन, वाहन डिझाईन असे वेगळे एम.डेस. आहेत. यात वर्षं जास्त लागतात, पण हातात एक पदवी आधीच असते आणि एकविसाव्या वर्षी घेतलेला निर्णय सतराव्या वर्षापेक्षा पक्का असतो.

नोकरीच्या जाहिराती वाचताना काळजी घ्या. आज 'प्रॉडक्ट डिझायनर' म्हणून निघणाऱ्या बहुतेक जागा मोबाइल ॲपचे पडदे आखण्याच्या असतात. तिथे फिग्मा हे सॉफ्टवेअर लागतं. मिक्सर, खुर्ची, रुग्णालयातली उपकरणं घडवणारं काम वेगळं. त्याच्या जागा कमी, सुरुवातीचा पगार सहसा ॲपवाल्यांपेक्षा कमी, आणि अर्धा वेळ साचे बनवणाऱ्यांच्या वसई-चाकणच्या गाळ्यांत जातो. एका साच्याला लाखो रुपये लागतात, म्हणून चूक आधी पुठ्ठ्याच्या आणि फोमच्या नमुन्यात पकडावी लागते. महिनाभर केलेलं काम रद्द होणं नेहमीचंच. ज्याला हे सोसवत नाही, त्याला पहिल्याच वर्षी कळेल.

खासगी कॉलेजची मोठी फी भरण्यापूर्वी माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि वर्कशॉप बघायला मागा. लेथ आणि लाकूडकामाची यंत्रं मुलांच्या हाती खरोखर पडतात का? गेल्या वर्षीच्या मुलांचे शेवटचे प्रकल्प बघा, त्यातले दोघे आज कुठे काम करतात ते विचारा. दाखवायला टाळाटाळ झाली, तर मी पैसे भरणार नाही.

यूसीडचे अर्ज साधारण ऑक्टोबरात सुरू होतात, परीक्षा जानेवारीत. म्हणून अकरावीनंतरची मे महिन्याची सुट्टी महत्त्वाची. क्लास लावण्याआधी मुलाला वही देऊन पहाटे दादरच्या फुलबाजारात पाठवा. हमाल पाटी डोक्यावर कशी चढवतो, वजन करताना फूलवालीचा कोणता हात मोकळा असतो, गर्दीत हातगाडी कुठे अडते, हे त्याने काढावं आणि खाली दोन ओळी लिहाव्यात. मग एकच अडचण निवडून पुठ्ठ्याचा नमुना करावा, त्याच फूलवालीला दाखवावा, ती म्हणेल तसा बदलावा. जुनी वही आणि सगळे फसलेले नमुने, तारखा घालून, जपून ठेवा. पोर्टफोलिओ मागतात तिथे तेच मांडायचं असतं.